सतरा जणांची नजर

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

साडीवर ब्लाउजपीस घ्यायला निघालेली बाई तुम्ही पाहिली असेल. आमच्या सोलापुरात तर हे दृश्य रोजचेच. दुकानदार ठाणामागून ठाण उलगडत जातो. एखादे कापड साडीशी धरले की अगदी जुळल्यासारखे वाटते आणि तो कात्री उचलतो. पण बाई म्हणते, "थांबा हं जरा." साडी आणि कापड दोन्ही घेऊन ती दुकानाच्या पायरीवर उन्हात येऊन उभी राहते. आत ट्यूबलाइटखाली सख्खे भाऊ वाटणारे दोन रंग बाहेर आल्यावर एकमेकांना ओळखही देत नाहीत. माझी अम्मी हेच करायची. मी तिचे बोट धरून पायरीवर उभा असायचो आणि कंटाळून म्हणायचो, "घे ना आता, सारखंच तर दिसतंय." ती तिथे नेमके काय करीत होती, हे समजायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. शिवाय मोटारीचा बंपर घासून घ्यावा लागला.

झाले असे की, आमच्या सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला माझ्या गाडीचा मागचा डावा कोपरा लागला. चूक सर्वस्वी माझी. खांब तीस वर्षे तिथेच उभा आहे. ओरखडा तळहाताएवढा, पण गाडी चांदीच्या रंगाची, त्यामुळे खालचे काळे प्लास्टिक लांबूनही दिसायचे. एका कारागिराने "दोन तासांत करून देतो" म्हटले आणि दिलेही. संध्याकाळी गाडी घरी आणली तेव्हा मी खूश होतो. सकाळी बायको दूध आणायला खाली गेली आणि वर येऊन म्हणाली, "ठिगळ छान लावून आणलंय." जाऊन पाहिले तर खरेच. रात्री न दिसलेला तो तुकडा सकाळच्या उन्हात जुन्या सदऱ्यावरच्या नव्या कापडासारखा चमकत होता.

मग मी गॅरेजांच्या गल्लीतल्या उस्तादांकडे गेलो. वय सत्तरीला टेकलेले. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "उद्या सकाळी नऊनंतर या, कविराज. ट्यूबच्या उजेडात मी रंग बघत नाही." मला अम्मीची पायरी आठवली. तिथून मी या रंग जुळवण्याच्या कसबाचा इतिहास शोधू लागलो. गंमत अशी की, हा इतिहास मोटारीच्याही आधी सुरू होतो, आणि तोही कापडापासूनच.

पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा एक जुना सरकारी कारखाना आहे. भिंतीवर लावायचे चित्रपट तिथे विणले जात. त्याच्या रंगशाळेवर १८२४ मध्ये शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. विणकरांची तक्रार होती की, इथे रंगवलेली काळी लोकर फिकी पडते, तिला खोली नाही. शेव्रलने ठिकठिकाणची काळी लोकर आणून आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. लोकरीत काहीच खोट नव्हती. मग त्याच्या ध्यानात आले की, दोष काळ्यात नसून त्याच्या शेजाऱ्यात आहे. निळ्याजांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणलेला काळा डोळ्याला फिका भासतो. जवळजवळ ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलून टाकतात, हा नियम त्याने पुढे १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहून मांडला. शेव्रल एकशे दोन वर्षे जगला आणि त्याचे हे म्हणणे त्याच्याहूनही जास्त टिकले. उस्ताद बंपरला रंग लावतात तेव्हा डब्यावरचे नाव बघून लावीत नाहीत. बंपरला खेटून असलेला पत्रा बघून लावतात. डोळा दोघांना एकाच वेळी बघणार असतो.

आता मोटारीकडे येऊ. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवल्या जात. तेलातला रंग ब्रशने लावायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा लावायचा आणि शेवटी व्हार्निश. एक गाडी रंगवून बाहेर पडायला आठवडेच्या आठवडे जात. कारखाना वेगाने गाड्या जुळवू लागला तरी रंग आपल्या चालीनेच वाळायचा. कोरडी जागा हवी, धूळ नको, आणि तोवर गाड्यांची रांग लागलेली. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये आली ती वेगवेगळ्या रंगांत मिळत असे. १९१४ पासून पुढे दहा-बारा वर्षे मात्र ती फक्त काळी मिळू लागली. डांबरासारख्या द्रव्यापासून केलेले ते काळे रोगण स्वस्त होते, टिकाऊ होते आणि भट्टीत लवकर वाळायचे. अशा गाडीला ओरखडा गेला तर रंग जुळवायचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. सगळ्यांचाच रंग एक, तर ठिगळ दिसणार कुठे?

हे चित्र पालटले ते दारूगोळ्याच्या कारखान्यातून. पहिले महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीकडे नायट्रोसेल्युलोज बनवायची प्रचंड यंत्रणा रिकामी पडली होती. कापसावर आम्लांची क्रिया करून होणारे हे द्रव्य बंदुकीच्या दारूत जाई. सिनेमाची फिल्मही त्यापासूनच बने. १९२० मध्ये तिथल्या रसायनशास्त्रज्ञांना योगायोगाने दिसले की, त्याचे एक घट्ट द्रावण अगदी पातळ होऊन गेले आहे. पातळ द्रावणात रंगद्रव्य भरपूर मावते आणि ते फवारताही येते. यातून 'ड्यूको' नावाचे लॅकर तयार झाले. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या 'ओकलंड' गाड्या या लॅकरने निळ्या रंगवून बाजारात आणल्या. त्या निळ्याला नाव दिले 'ट्रू ब्लू'. आठवड्यांचे काम काही तासांवर आले.

ते फवारणारे यंत्र कुठून आले, तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या टोलेडो गावात डीव्हिल्बिस नावाचे एक डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध फवारायला त्यांनी १८८० च्या दशकात एक छोटे उपकरण बनवले. त्यांच्या मुलाने पुढे १९०७ मध्ये तीच कल्पना वापरून रंगाची गन तयार केली. गल्लीतल्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर धडधडू लागतो आणि गन फुसफुसते तेव्हा मला तो घसा दुखणारा कोणी अनाम रोगी आठवतो.

ड्यूको आल्यावर रंग हा मोटार विकण्याचा मार्ग झाला. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली खास 'कला आणि रंग' विभाग उघडला. वर्षावर्षाला नव्या छटा येऊ लागल्या. आणि रंग जुळवणारा कारागीर खऱ्या अर्थाने जन्माला आला, कारण आता ठिगळ दिसू लागले.

तरी त्या लॅकरची एक मायाळू खोड होती. ते वाळले तरी आपल्या मूळ थिनरमध्ये पुन्हा विरघळायचे. त्यामुळे जुन्या थरावर नवा फवारा मारला की, नवा थर जुन्यात थोडासा उतरायचा. वरून पॉलिश केले की शिवण दिसेनाशी व्हायची. आपल्याकडे हा शब्द इतका रुळला की, तो कंपनीचे नाव आहे हेच लोक विसरले. लाकडी कपाट असो, रेडिओची पेटी असो की स्कूटर, गनने मारलेला गुळगुळीत रंग म्हणजे 'डुको'. सुतार आजही विचारतो, "पॉलिश करू की डुको?"

मुंबईचा या सगळ्याशी लवकरच संबंध आला. लोअर परळला १९२० मध्ये गहागन पेंट्स नावाची रंगाची कंपनी निघाली. आजची नेरोलॅक ती हीच. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला मोटारी जुळवायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर मात्र आपल्या रस्त्यांवर गाड्यांचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे राहिले. कुर्ल्याची फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी, कोलकात्याची अँबॅसडर, आणि आणखी एखाददुसरी. छटाही मोजक्या. उस्ताद सांगतात, "माझ्या उमेदवारीत आठ-दहा डब्यांत सगळं शहर मावायचं." आणि बंपर? तो क्रोमचा असायचा. ठोकला गेला तर ठोकून सरळ करायचा, पुन्हा मुलामा द्यायचा. बंपरला रंगच नव्हता, तर जुळवायचे काय?

श्रोतेहो, आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. रंगांची संख्या वाढली तशी कापड, छपाई, रंग अशा सगळ्याच धंद्यांची अडचण वाढली. माझा 'आकाशी' आणि तुमचा 'आकाशी' एकच कशावरून? रंग मोजायचा कसा? लांबी मोजायला पट्टी आहे, वजनाला काटा आहे. रंग तर डोळ्यात तयार होतो. म्हणजे रंग मोजायचा तर आधी डोळाच मोजायला हवा.

हे काम १९२० च्या दशकात लंडनमध्ये दोन माणसांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे केले. इंपीरियल कॉलेजमध्ये डेव्हिड राइट यांनी दहा जण बसवले, आणि टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जॉन गिल्ड यांनी सात. प्रत्येकाने एका छोट्या छिद्रातून पाहायचे. अर्ध्या भागात इंद्रधनुष्यातला एक शुद्ध रंग. दुसऱ्या अर्ध्यात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश कमीजास्त करायचे, दोन्ही अर्धे एकसारखे दिसून मधली रेघ पुसली जाईपर्यंत. मग आकडे लिहायचे आणि पुढचा रंग. दोघांची उपकरणे वेगळी, माणसे वेगळी, पण आकडे एकमेकांशी छान जुळले. १९३१ मध्ये केंब्रिजला भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या बैठकीत या सतरा जणांच्या नजरेची सरासरी काढून एक काल्पनिक माणूस मान्य करण्यात आला. त्याचे नाव 'प्रमाण निरीक्षक'. त्याला चेहरा नाही, वय नाही, फक्त डोळे आहेत.

त्या सतरा जणांना कल्पना तरी असेल का, की आपण ज्या रेघा पुसत बसलो आहोत त्यांतून पुढे जगभरच्या गाड्यांच्या ओरखड्यांचा निवाडा होणार आहे? १९६४ मध्ये या प्रमाणाला एक जोड मिळाली. मोठ्या पृष्ठभागाकडे पाहताना डोळा थोडे वेगळे बघतो, म्हणून नवी मोजणी झाली. तिच्यात स्टाइल्स आणि बर्च यांनी ४९ जणांच्या नजरेवर केलेल्या कामाचा मोठा वाटा होता. मोटारींच्या रंगासाठी बहुधा हेच दुसरे प्रमाण वापरतात.

आणखी एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. 'किती फरक झाला म्हणजे डोळ्याला फरक वाटतो?' हा प्रश्न अमेरिकेत डेव्हिड मॅकॅडम यांनी घेतला. त्यांच्यासाठी उपकरणापुढे बसणारे होते पर्ली नटिंग. या गृहस्थांनी रंग जुळवण्याची क्रिया सुमारे २५,००० वेळा केली. त्यातून १९४२ मध्ये कळले की, आपला डोळा सगळ्या रंगांना सारखा कडक नाही. एखाद्या रंगात केसाएवढा फरकही त्याला खटकतो, आणि दुसऱ्या एखाद्यात बराच फरक तो खपवून घेतो. उस्तादांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पंचवीस हजार? आणि एकही गाडी बाहेर नाही पडली?"

डोळ्यांचा हिशेब असा मांडला गेला, तसा रंगाच्या थराचाही. १९३१ मध्येच कुबेल्का आणि मुंक या दोघांनी गणित दिले. रंगाच्या थरात शिरलेला प्रकाश किती गिळला जातो आणि किती विखरून परत येतो, हे त्यातून काढता येऊ लागले. कोणती रंगद्रव्ये किती मिसळली तर कोणता रंग येईल, याचा अंदाज कागदावर बांधणे शक्य झाले. परावर्तित प्रकाश तरंगलांबीनुसार मोजून आपोआप आलेख काढणारे उपकरण अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत आर्थर हार्डी यांनी बनवले. १९३० च्या दशकात ते विकले जाऊ लागले. १९५८ मध्ये मिश्रणाचे प्रमाण काढून देणारा एक गणकही निघाला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून शब्द तयार झाला 'कॉमिक'. आणि १९७६ मध्ये दोन रंगांतला फरक एका आकड्यात सांगायची रीत जगाने मान्य केली. आकडा एकच्या खाली असेल तर साध्या नजरेला फरक सहसा कळत नाही, असा ढोबळ अंदाज कारागीर धरतात.

याच अभ्यासातून अम्मीच्या पायरीचाही उलगडा होतो. दोन रंग वेगवेगळ्या द्रव्यांपासून बनलेले असतील, तर एका उजेडात ते तंतोतंत जुळतील आणि दुसऱ्या उजेडात फुटून वेगळे होतील. शास्त्रज्ञ याला मेटामेरिझम म्हणतात. अम्मीने हा शब्द कधी ऐकला नाही. साडी नेसून लग्नाला जायचे ते दिवसा, आणि तिथे ट्यूबलाइट नसेल, एवढे तिला ठाऊक होते.

हे सगळे झाले तरी माझ्या गाडीचे ठिगळ सुटत नाही. कारण माझी गाडी चांदीच्या रंगाची. रंगात चकाकी आणण्यासाठी सुरुवातीला माशांच्या खवल्यांपासून काढलेले द्रव्य वापरून पाहिले गेले, मग ॲल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांचा जमाना आला. हे पापुद्रे रंगाच्या थरात छोट्या आरशांसारखे पडून असतात. आडवे पडले तर समोरून लखलखीत आणि तिरके पाहिले तर काळपट. उभे-आडवे कसेही पडले तर समोरूनच मंद. आणि ते कसे पडतील हे डब्यावर अवलंबून नाही, तर हातावर आहे. गन जवळ धरून ओला थर मारला तर छटा गडद होते. लांबून, कोरडा मारला तर पांढरट. हवेचा दाब, थिनर, उन्हाळा की पावसाळा, यानेही फरक पडतो. म्हणजे एकाच डब्यातून दोन कारागिरांनी दोन रंग काढले, तर दोघांपैकी कोणीच खोटे बोलत नसतो. पहिल्या कारागिराने माझ्या बंपरवर तोच कंपनीचा, त्याच कोडचा रंग मारला होता. फक्त कोरडा मारला होता.

आणि बंपर तरी साधा कुठे राहिला आहे? १९६८ मध्ये अमेरिकेत पाँटिॲक जीटीओ या गाडीला समोरून अंगाच्याच रंगाचा लवचीक बंपर आला. १९७२ च्या रेनो ५ या फ्रेंच गाडीने प्लास्टिकचा बंपर सामान्यांच्या दारात आणला; पण तो राखाडी होता, गाडीच्या रंगाशी त्याला देणेघेणे नव्हते. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि पुढच्या काही वर्षांत काळ्या प्लास्टिकचे बंपर सवयीचे झाले. ठोकर लागली तर चरा पडायचा, पण काळ्यावर काळा चरा कोण बघतो? नव्वदच्या दशकात बंपरला गाडीचाच रंग द्यायची पद्धत पसरली. गाडी देखणी झाली आणि ठोकर खायला असलेला अवयवच सगळ्यात नाजूक होऊन बसला.

त्यातही एक मेख आहे, ती मला उस्तादांनी दाखवली. पत्र्याचे अंग कारखान्यात सुमारे १४० अंश तापमानाला भाजून पक्के करतात. प्लास्टिक तेवढे सोसत नाही, वाकडे होईल. म्हणून बंपर पुष्कळदा वेगळ्या ठिकाणी, ८० अंशांच्या आसपास वाळणाऱ्या लवचीक रंगाने रंगवतात आणि मग गाडीला बसवतात. त्यामुळे कोऱ्या गाडीचाही बंपर आणि पत्रा यांत नीट पाहिले तर किंचित फरक सापडतो. "शोरूममधून आलेल्या गाडीतसुद्धा दोन रंग असतात, कविराज. लोकांना तो फरक माझ्याकडे आल्यावरच दिसायला लागतो," असे म्हणून उस्ताद हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांनी कामाला हात घातला. आधी बंपरशेजारचा पत्रा धुऊन कंपाउंडने घासला. धुळीखालचा खरा रंग कळल्याशिवाय जुळवायचे कशाशी? दाराजवळच्या पट्टीवर गाडीच्या रंगाचा कोड होता. उस्तादांच्या मुलाने तो बघून वजनकाट्यावर रंग मिसळला. पण एका कोडच्याही अनेक भावकी असतात, कारण तोच रंग निरनिराळ्या कारखान्यांत, निरनिराळ्या वेळी लागलेला असतो. शिवाय माझी गाडी नऊ वर्षे सोलापूरच्या उन्हात उभी. म्हणून मुलाने एक छोटे यंत्र पत्र्याला टेकवले. ते पाच-सहा कोनांतून रंग मोजते. ते सतरा जण, ते ४९ जण, सगळे त्या मुठीएवढ्या डबीत बसलेले. यंत्राने एक मिश्रण सुचवले. मुलाने ते एका कार्डावर फवारले, वर क्लिअर कोट दिला आणि वाळल्यावर कार्ड उस्तादांच्या हाती दिले.

उस्ताद उन्हात गेले. कार्ड पत्र्याला चिकटवून धरले. उभे राहून पाहिले, बाजूला सरून पाहिले, मग गुडघ्यांवर हात टेकून उकिडवे बसून पाहिले. "समोरून आलाय. तिरका नाही आला." मुलगा म्हणाला, "अब्बा, आकडा तर चांगला आहे." उस्ताद म्हणाले, "आकडा चांगलाच आहे. थोडा ओला मार." दुसरे कार्ड झाले. तिसरे झाले. तिसऱ्यावर ते काही बोलले नाहीत. मुलाने ते 'हो' धरले.

मला वाटले, यंत्र हरले आणि डोळा जिंकला, अशी छान गोष्ट मला मिळाली. तसे उस्तादांना बोलूनही दाखवले. ते गंभीर झाले. म्हणाले, "तसं लिहू नका." चार वर्षांपूर्वी त्यांच्या गाड्या परत येऊ लागल्या होत्या. पांढऱ्या आणि निळ्या गाड्यांचे गिऱ्हाईक नाराज व्हायचे. उस्तादांना वाटे, लोक उगाच खोड काढतात. मग मुलाने न सांगता एक गाडी यंत्राने तपासली. आकडा मोठा आला. उस्तादांना राग आला. मुलाने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. मोतीबिंदू होता. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि माणूस न कळत सगळे जग पिवळ्या काचेतून बघू लागतो. इतके हळूहळू, की त्याला पत्ताच लागत नाही. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे हेच झाले होते. त्याच्या डोळ्यावर १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. ओकलंडचा निळा बाजारात आला तेच साल. उस्ताद सांगत होते, "पट्टी काढली आणि आकाश बघितलं. एवढं निळं! मी म्हटलं, या अल्ला, चार वर्षं मी कुणाच्या गाडीला काय लावत होतो?" त्यानंतर कर्ज काढून ते यंत्र घेतले गेले. मुलगा आधी आकडा बघतो, मग उस्ताद ऊन बघतात. दोघांचेही 'हो' असल्याशिवाय गन उचलायची नाही, असा नियम त्या गॅरेजमध्ये आहे.

गन उचलायचाही एक नवा नियम आहे. पूर्वीच्या ड्यूकोची जागा आता बहुतेक ठिकाणी हार्डनर मिसळून पक्क्या होणाऱ्या रंगांनी घेतली आहे. हे रंग उन्हापावसात फार टिकतात, पण एकदा पक्के झाले की विरघळत नाहीत. जुना थर नव्याला आपल्यात घेत नाही. आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची बारीक फवार छातीत गेली तर दमा जडू शकतो. उस्तादांनी चाळीस वर्षे तोंडाला रुमाल बांधून फवारणी केली. रुमालाने ती वाफ अडत नाही. मुलगा हवेची नळी जोडलेला मुखवटा घालतो. त्यांना खोकताना ऐकले की, चकचकीत गाड्यांची किंमत कोणी कोणी दिली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

माझ्या बंपरवर त्यांनी रंग फक्त ओरखड्यावर मारला नाही. ओरखड्यावर पूर्ण, बाजूला विरळ, आणखी बाजूला नुसता शिडकावा, असा तो विझवत नेला आणि क्लिअर कोट मात्र सबंध बंपरवर दिला. रंग कितीही जुळला तरी कडा ठेवली की डोळा ती पकडतो. कडाच नसेल तर त्याला तुलना करायला जागा सापडत नाही. लंडनच्या त्या छिद्रातली मधली रेघ पुसण्याचेच हे काम. फरक तिथेच असतो, फक्त तो कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही.

गाडी संध्याकाळी तयार झाली, पण उस्तादांनी ती दिली नाही. "सकाळी बघून न्या." सकाळी मी बायकोला सोबत नेले. तिने बंपरभोवती दोन चकरा मारल्या, वाकून पाहिले, आणि "कुठे होता हो तो ओरखडा?" असे मलाच विचारले. उस्ताद मान खाली घालून हात पुसत होते, पण कान इकडेच होते.

निघताना त्यांनी मला आपली पत्र्याची पेटी दाखवली. आत शेकडो कार्डे. प्रत्येकाच्या पाठीवर तारीख, गाडी, मिश्रण. पद्मिनीचा हिरवा, अँबॅसडरचा दुधी, कुठल्याशा डॉक्टरांच्या फियाटचा आकाशी. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. तिचा पिवळाही त्या पेटीत आहे. मुलाच्या लेखी ही अडगळ आहे, कारण सगळे आता संगणकात असते. मी म्हटले, "उस्ताद, माझ्या गाडीचं कार्ड मला द्या. पुन्हा खांबाला लागली तर उपयोगी पडेल."

त्यांनी तिसरे कार्ड काढून माझ्या हातात ठेवले. "घ्या. पण दोन वर्षांनी आणाल तेव्हा हे जुळणार नाही. कार्ड पेटीत राहील आणि गाडी उन्हात. तेव्हाही सकाळीच या."